एकट्या हत्तीची देखभाल: सोबत मिळेपर्यंत आणि मिळाल्यावर

प्राणिसंग्रहालयातला हत्ती एकटा पडतो त्याची कारणं थोडीच आहेत. जोडीदार मरतो आणि दुसरा येत नाही. दोघींचं पटत नाही म्हणून मधलं फाटक तात्पुरतं बंद होतं आणि वर्षानुवर्षं उघडत नाही. नर वयात येतो, माजावर (ठरावीक काळाने चढणाऱ्या आक्रमक अवस्थेत) येऊ लागतो आणि कायमचा वेगळा ठेवला जातो. मनिलाच्या प्राणिसंग्रहालयातल्या माली या हत्तिणीची सोबतीण शिवा १९९० साली गेली आणि माली २०२३ साली मरेपर्यंत, म्हणजे ३३ वर्षं, एकटी राहिली. दिल्लीतला शंकर हा आफ्रिकन नर सुमारे दोन दशकं एकटा होता. त्याच्या स्थितीवरून प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने २०२४ साली दिल्ली प्राणिसंग्रहालयाचं सदस्यत्व निलंबित केलं आणि २०२५ साली तो मेला.

खाली सांगितलेली कामं दोन प्रकारची आहेत. काहींनी एकट्या हत्तीचा दिवस सुसह्य होतो: मऊ जमीन, दिवसभर पुरवलेला चारा, रोजचं प्रशिक्षण. काहींनी त्याचा एकटेपणा संपतो, आणि तो फक्त दुसऱ्या हत्तींमुळेच संपतो. पहिल्या प्रकारची कामं आजपासून सुरू करता येतात, पण ती नीट चालली म्हणून दुसरी पुढे ढकलणं ही या विषयातली सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. दोन्हींची तयारी एकाच दिवशी सुरू व्हायला हवी.

नरांबद्दल एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. "नर तसाही जंगलात एकटाच फिरतो" हे वाक्य एकट्या नराच्या बाबतीत हमखास ऐकू येतं. नर मादींच्या कळपातून बाहेर पडतो हे खरं, पण तो इतर नरांच्या सोबतीने वावरतो आणि मोठ्या नरांकडून शिकतो. दक्षिण आफ्रिकेतल्या पिलानेसबर्ग राष्ट्रीय उद्यानात मोठ्यांविना वाढलेल्या तरुण नरांनी १९९०च्या दशकात चाळीसहून अधिक पांढरे गेंडे मारले. १९९८ साली क्रूगर राष्ट्रीय उद्यानातून सहा मोठे नर आणून सोडल्यावर तरुणांचा माज आटोक्यात आला आणि गेंडे मारणं थांबलं. नरालाही सोबत लागते, फक्त तिची मांडणी वेगळी असते.

आधी पंधरा दिवस नुसतं पाहा

बदल करण्याआधी हत्ती आज कसा जगतो हे कागदावर यायला हवं. नाहीतर सहा महिन्यांनी "आता बराच सुधारलाय" असं सगळे म्हणतील आणि ते खरं की नुसती इच्छा, हे कुणालाच सांगता येणार नाही.

सकाळ, दुपार आणि संध्याकाळ असा एकेक तास ठरवा. दर ५ मिनिटांनी घड्याळ बघून त्या क्षणी हत्ती काय करतोय ते एका शब्दात लिहा: खातो, चालतो, उभा, डोलतो, माती-पाणी उडवतो, वस्तू हाताळतो, आडवा, माणसांकडे. तासाला १२ नोंदी, दिवसाला ३६, पंधरवड्यात ५४०. त्यातून प्रत्येक वागण्याची टक्केवारी निघते. पाहणारा बदलला तरी शब्दांचे अर्थ बदलू नयेत म्हणून प्रत्येकाची व्याख्या तक्त्याच्या मागे लिहून ठेवा. उदाहरणार्थ, डोलणं म्हणजे एकच हालचाल लागोपाठ तीन किंवा जास्त वेळा, काही साध्य होत नसताना: अंग डावी-उजवीकडे झुलवणं, मान वरखाली करणं, दोन पावलं पुढे दोन मागे.

डोलणं केव्हा होतं हे किती होतं याइतकंच महत्त्वाचं आहे. चारा येण्याआधी किंवा संध्याकाळी दार उघडण्याआधी अर्धा तास वाढत असेल, तर वेळापत्रक फार ठरीव झालंय. दिवसभर पसरलेलं असेल तर मूळ खोल आहे. उत्तर अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांतल्या हत्तींवर २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ८५ टक्के हत्ती अशा साचेबद्ध हालचाली करताना आढळले, आणि इतर हत्तींपासून वेगळं ठेवलेला वेळ जितका जास्त तितक्या या हालचाली वाढलेल्या दिसल्या. पण फक्त डोलण्यावर निकाल देऊ नका. काही हत्ती डोलत नाहीत, भिंतीकडे तोंड करून तासन्‌तास निश्चल उभे राहतात, आणि नोंदवहीत "शांत" अशी नोंद होते. उलट, लहानपणी लागलेलं डोलणं परिस्थिती सुधारल्यावरही थोडंफार राहतं, म्हणून ते शून्यावर आलं नाही याचा अर्थ बदल फसला असा होत नाही.

रात्र पाहायला अंधारात टिपणारा कॅमेरा लावा. हत्ती किती वेळा आणि किती वेळ आडवा होतो ते मोजा. उभ्याने डुलकी घेणं नेहमीचं आहे, पण पाळलेला निरोगी प्रौढ हत्ती रात्रीतून काही वेळ कुशीवर पडतोच. आठवडेच्या आठवडे तो पडत नसेल, भिंतीला किंवा खांबाला टेकून झोपत असेल, तर जमीन कठीण आहे, सांधे दुखतायत, किंवा त्याला तिथे सुरक्षित वाटत नाही. तिन्ही शक्यता तपासा.

ताणाचं मोजमाप लेंड्यांतूनही होतं. ताजा गोळा फोडून आतल्या भागातून साधारण ५० ग्रॅम नमुना घ्यायचा, पिशवीवर तारीख-वेळ टाकून उणे २० अंशांवर गोठवायचा, आठवड्यातून दोन-तीनदा. त्यात मिळणारी ताणाच्या संप्रेरकांची पातळी त्या क्षणाची नसते, साधारण एक ते दोन दिवस आधीची असते. एका नमुन्याला काही अर्थ नाही. त्याच हत्तीच्या महिनोन्‌महिन्यांच्या आकड्यांशीच तुलना करायची.

बाहेरून काळजीने पाहणाऱ्या माणसालाही हीच पद्धत वापरता येते. "हत्ती दुःखी दिसतो" या पत्राला उत्तर देणं व्यवस्थापनाला सोपं जातं. तारखा, वेळा आणि दर पाच मिनिटांच्या नोंदी असलेला तक्ता बाजूला सारणं अवघड जातं.

पाय आणि जमीन

एकटा हत्ती कमी चालतो, कारण चालायला कारण नसतं. कुणाच्या मागे जायचं नाही, कुणापासून दूर व्हायचं नाही. त्याची किंमत पाय मोजतात, आणि पाळलेल्या हत्तींना शेवटी दयामरण द्यावं लागतं त्यामागे पायांचे आणि सांध्यांचे आजार हे एक मोठं कारण आहे. काँक्रीटवर उभं राहण्याचे तास जितके जास्त, तितका धोका जास्त.

निवाऱ्यात साधारण १ मीटर खोल वाळू हवी आणि तिचा निदान एक ढीग दीड-दोन मीटर उंच. म्हाताऱ्या हत्तीला सपाट जमिनीवरून उठणं जड जातं; ढिगाच्या उतारावर टेकून पडलं की उठताना अर्धं काम झालेलं असतं. वाळूखाली निचरा नसेल तर ती लघवीने भिजून तळवे कुजवते. ओली वाळू रोज काढा, उरलेली ठरावीक दिवसांनी खालवर करा. आणि वाळूवर चारा टाकू नका. चाऱ्याबरोबर वाळू पोटात जाते, साचते आणि पोटदुखी उठते. चारा उंचावर टांगा किंवा वेगळ्या पक्क्या ओट्यावर द्या.

आशियाई हत्तीला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्यांना बहुधा चार-चार नखं असतात. रोज पाय धुऊन प्रत्येक नख, त्याच्या वरची कातडी आणि तळव्याच्या भेगा बघायच्या. नखाला उभी चीर, कडेला पू, वाढून दुमडलेली कातडी, एका पायावर भार न देणं यातलं काही दिसलं की त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवायचं. वाढलेला तळवा आणि नखं दर चार ते सहा आठवड्यांनी थोडी थोडी घासावीत. वर्षभर दुर्लक्ष करून एकदम खोल कापलं तर जिवंत भाग उघडा पडतो आणि तिथूनच गळू होतं.

साखळी हा विषय थोडक्यात संपतो. उपचारापुरती, काही मिनिटांची, तीही सवय लावलेली असेल तर ठीक. "रात्री बांधूनच ठेवतो" ही व्यवस्था पाय, झोप आणि मन तिन्ही बिघडवते.

चारा दिवसभर, आणि रात्रीही

जंगलात हत्तीचे दिवसाचे १२ ते १८ तास खाण्यात जातात. प्राणिसंग्रहालयात तेवढंच अन्न दोन-तीन ढिगांत येतं, काही तासांत संपतं, आणि उरलेला वेळ रिकामा. कळपात हा वेळ इतरांबरोबर जातो. एकट्याला तोही आधार नाही, म्हणून त्याच्या चाऱ्याचं नियोजन जास्त बारकाईने करावं लागतं.

प्रौढ हत्तीला रोज वजनाच्या साधारण १ ते १.५ टक्के इतकं कोरड्या हिशेबाने अन्न लागतं. ३,००० किलोच्या हत्तिणीला म्हणजे ३० ते ४५ किलो. हिरव्या चाऱ्यात पाणी असल्याने प्रत्यक्ष वजन १२० ते २०० किलोपर्यंत जातं. पाणी १०० ते २०० लिटर. यातला बहुतेक भाग गवत आणि पाला-फांद्या असावा. फळं, भाकऱ्या, भात, ऊस यांनी वजन वाढतं आणि ते सगळं आधीच दुखऱ्या पायांवर येतं. प्रेक्षकांकडून खाऊ घालणं पूर्ण बंद.

हा चारा कमीत कमी आठ-दहा वाटण्यांत विभागा. काही जाळ्यांत भरून ३ ते ४ मीटर उंचीवर टांगा, म्हणजे सोंड वर ताणावी लागते आणि मान-खांद्यांचे स्नायू टिकतात. काही भिंतीतल्या भोकांमागच्या पेट्यांत ठेवा, जिथे सोंडेने चाचपून थोडं थोडं ओढावं लागतं. काही आवाराच्या दूरच्या टोकांना. पेट्यांची झाकणं घड्याळाच्या यंत्राने उघडणारी असतील तर उत्तम, कारण सगळ्यात मोठी पोकळी संध्याकाळी कर्मचारी गेल्यापासून सकाळी येईपर्यंत असते. रात्री दोन-तीनदा अवेळी चारा खाली आला तरी रात्रीचं डोलणं कमी होतं. कोणती पेटी केव्हा उघडेल हे रोज बदला. ठरलेली वेळ आली की वाट पाहणं सुरू होतं आणि वाट पाहताना डोलणं.

अंग घासायला उभे ओंडके, चिखलाची खाच, अंगावर उडवायला कोरड्या मातीचा ढीग आणि पूर्ण बुडता येईल असं पाणी, हे चैनीत मोजू नका. त्वचा आणि सांधे त्यावर चालतात. टायर, पिंप, चेंडू या वस्तू मात्र फार लवकर जुन्या होतात. दहा वस्तू एकदम आवारात टाकण्यापेक्षा दोन ठेवा, चार दिवसांनी काढा, महिन्याने परत आणा.

कठड्याआडून प्रशिक्षण

पाय तपासायला, रक्त घ्यायला, पुढे क्रेटमध्ये (प्रवासाच्या मोठ्या पेटीत) चढवायला हत्तीचं सहकार्य लागतं. ते अंकुशाने मिळवू नका. भीतीने पाय पुढे करणारा हत्ती दुखणं लपवायला शिकतो, आणि त्याच्याजवळ उभा असलेला माणूस कायम धोक्यात असतो. मजबूत कठडा मध्ये ठेवून, हत्तीला कधीही निघून जायची मोकळीक देऊन, बक्षिसावर चालणारं प्रशिक्षण हीच आज मान्य पद्धत आहे.

साधनं तीन: दीड-दोन मीटरची काठी आणि तिच्या टोकाला मऊ गोळा, एक शिट्टी, आणि रोजच्या खुराकातूनच काढून ठेवलेले चाऱ्याचे किंवा कंदांचे तुकडे. हत्तीने गोळ्याला कपाळ किंवा सोंड लावली की त्याच क्षणी शिट्टी आणि लगेच तुकडा. शिट्टी उशिरा वाजली तर त्याने नंतर केलेली हालचाल पक्की होते. बहुतेक अडचणी इथूनच येतात. एक बैठक १०-१५ मिनिटांची, दिवसातून दोन-तीनदा, आणि त्याला जमलेल्या कामावर संपवायची.

क्रम असा ठेवा: गोळ्याला स्पर्श, गोळ्यामागे चालणं, कठड्याला समांतर उभं राहणं, फटीतून पाय आडव्या पट्टीवर ठेवणं, खिडकीतून कान देणं (रक्त कानाच्या मागच्या शिरेतून घेतात), तोंड उघडणं, सोंड धुण्याचा नमुना. शेवटचा क्षयरोगासाठी असतो. सोंडेत साधारण ६० मिलिलिटर निर्जंतुक सलाईन घालायचं, सोंड वर उचलायची, आणि हत्तीने ते पिशवीत फुंकायचं. एका आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी. या चाचणीतून रोग निसटू शकतो, म्हणून रक्ताचीही चाचणी करा. क्षयरोग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसाला जातो, तेव्हा कर्मचाऱ्यांची तपासणीही यात येते.

एकट्या हत्तीसाठी या बैठकांचं मोल वैद्यकीय उपयोगापलीकडे आहे. दिवसातला तेवढा वेळ कुणीतरी त्याच्याशी बोलतं, त्याच्या वागण्याला उत्तर देतं. म्हणून माणसं सारखी बदलू नका. दोन-तीन ठरलेले कीपर असावेत, आणि त्यातला एक सोडून जाणार असेल तर नवा माणूस महिनाभर आधी त्याच्यासोबत उभा राहावा. फक्त हे विसरू नये की कीपर संध्याकाळी घरी जातो.

सोबतीच्या नावाखाली जे पुरत नाही

शेळी, मेंढी, तट्टू हत्तीच्या आवारात ठेवल्याने काहींना थोडा विरंगुळा मिळतो. पण हत्तीची बोलण्याची रीतच त्यांच्यापाशी नाही. हत्ती एकमेकांच्या तोंडात सोंडेचं टोक घालून धीर देतात, मूत्र आणि गंडस्थळाच्या स्रावातून ओळख वाचतात, आणि माणसाला ऐकू न येणाऱ्या खोल आवाजात बोलतात. हे आवाज १९८४ साली प्राण्यांच्या आवाजांच्या अभ्यासक केटी पेन यांना पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हवेतल्या कंपासारखे जाणवले आणि पुढे यंत्रावर टिपले गेले. म्हणूनच कळपाचे ध्वनिमुद्रित आवाज ऐकवण्याचा प्रयोगही टाळावा. साध्या स्पीकरमधून तो खोल भाग बाहेरच येत नाही, आणि हाकेला ओ देणारं कुणी नसताना हाक ऐकवत राहणं हे आमच्या मते क्रूर आहे. दुसऱ्या ठिकाणच्या हत्तीची लेंडी आणून वास देणं उपयोगी ठरू शकतं, पण रोग आणि कृमींची तपासणी झालेल्या हत्तीचीच, आणि शक्यतो पुढे जो सोबती येणार आहे त्याचीच.

कुंपणाच्या दोन बाजूंना दोन हत्ती ठेवणं ही सोबत नव्हे. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयातली हॅपी तिची सोबतीण सॅमी २००६ साली गेल्यानंतर वर्षानुवर्षं अशीच राहिली. पलीकडे पॅटी होती, मध्ये कुंपण. तिच्या सुटकेचा खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात २०२२ साली ५ विरुद्ध २ मतांनी फेटाळला गेला. कुंपण ही ओळखीची पायरी म्हणून फार उपयोगी आहे, कायमची व्यवस्था म्हणून नाही.

सोबती कसा निवडायचा

पहिला प्रश्न: सोबती इथे आणायचा की या हत्तीला तिकडे पाठवायचं? आवार एकाच हत्तीला अपुरं असेल तर दुसरा आणणं म्हणजे दोघांना अडचणीत टाकणं. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालय संघटनेचा दंडक तीन माद्या, किंवा दोन नर, किंवा नर-मादी मिळून तीन असा किमान गट मागतो. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ सालीच हत्ती प्राणिसंग्रहालयांतून हलवून मोकळ्या छावण्यांत नेण्याचा आदेश काढला. तीनचा आकडा उगाच नाही. दोघांत एक मेला की दुसरा पुन्हा तिथेच येतो, आणि दोघांचं पटलं नाही तर तिसरा पर्याय उरत नाही.

जात एकच हवी. आशियाई आणि आफ्रिकन हत्ती एकत्र ठेवू नयेत. उतारवयातल्या, सांधे दुखणाऱ्या हत्तिणीला शांत स्वभावाची प्रौढ मादी पाहा, उसळता तरुण नर नाही. समोरच्या गटात १ ते ८ वर्षांची पिल्लं असतील तर हत्तींच्या हर्पिस विषाणूची तपासणी दोन्हीकडे आधी करा. मोठे हत्ती तो काही न दाखवता बाळगतात आणि पिल्लं त्याने एक-दोन दिवसांत दगावू शकतात. स्वभावाची माहिती कागदावर मागा: आधी कुणाशी भांडण, शेपटी चावण्याची सवय, माणसावर हल्ला, माजाचा काळ.

ओळख करून देणं

घाई आणि अतिभीती दोन्ही इथे बिघडवतात. घाईत जखमा होतात. अतिभीतीत दोघी महिनोन्‌महिने कुंपणाआड राहतात, एकमेकींवर चिडत जातात, आणि शेवटी "यांचं जमत नाही" असा शेरा पडतो.

१. नवा हत्ती निदान ३० दिवस वेगळा ठेवा. या काळात सगळ्या चाचण्या, आणि तिथेच नव्या कीपरशी प्रशिक्षण.

२. लेंड्या आणि लघवीने भिजलेल्या वाळूची देवघेव करा. दोघींना आळीपाळीने एकाच आवारात सोडा, म्हणजे एकीच्या पायवाटेवर दुसरी हुंगत फिरेल.

३. दूरून एकमेकींना पाहू-ऐकू द्या. खोल घुमणारे आवाज, फडफडणारे कान, गंडस्थळातून ओघळ, लघवी-लेंड्या एकदम होणं, हे सगळं उत्तेजनेचं आहे, आक्रमणाचं असेलच असं नाही.

४. दणकट गजांमधून स्पर्श. सोंड सहज जावी, पण डोकं अडकू नये. शेपटी गजांपाशी येऊ देऊ नका. माद्या शेपटी चावून तोडतात. सोंड तोंडात घालू देणं, पाठ वळवून उलट्या पावलांनी जवळ येणं, कुंपणापाशी शेजारी उभं राहून खाणं ही चांगली चिन्हं. अशी चिन्हं सलग काही दिवस आणि दोघींकडून दिसली की पुढची पायरी.

५. मोकळी भेट. सगळ्यात मोठं आवार निवडा, ज्यात बंद कोपरा नाही आणि दोन फाटकं आहेत, म्हणजे पळणारीला गोल फिरून निसटता येईल. खंदक असेल तर तो आधी भरा किंवा कुंपणाने बंद करा, खोल पाणी उतरवा. ढकललेली हत्तीण खंदकात कोसळली तर ती स्वतः उठू शकत नाही, आणि स्वतःच्या वजनाखाली कुशीवर दाबून राहिल्याने श्वास आणि स्नायू दोन्ही जातात. चाऱ्याचे पाच-सहा ढीग लांब लांब, पाणी दोन ठिकाणी. वेळ सकाळची, पोट भरलेलं. फाटकांवर माणसं, पाण्याच्या जोरकस नळ्या तयार, निर्णय घेणारा एकच.

धक्काबुक्की होणारच. कपाळाने ढकलणं, थोडं पळवणं, चाऱ्यावरून हटवणं यातून क्रम ठरतो आणि तो ठरू द्यावा लागतो. पहिल्या ढकलीला फाटक पाडलं तर भांडण अर्धवट राहतं आणि उद्या तिथूनच सुरू होतं. पण पाठलाग थांबतच नसेल, पळणारी कोपऱ्यात दाबली गेली असेल, सुळा टोचला जात असेल किंवा कुणी पडलं असेल तर ताबडतोब वेगळं करा. पहिली भेट तासाभराची पुरे. चांगली गेली तर वाढवत न्या. रात्र सगळ्यात शेवटी, आणि पहिल्या काही रात्री कॅमेऱ्यासमोर माणूस जागा हवा.

नराच्या बाबतीत माजाचा काळ वगळा. तेव्हा नवी ओळख करून देऊ नये.

हलवायचं असेल तर

प्रवास धोक्याचा असतो आणि तसं म्हणणारे चूक नाहीत. युरोपातल्या प्राणिसंग्रहालयांवरच्या, २००८ साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आशियाई हत्तींची एका ठिकाणाहून दुसरीकडे रवानगी आणि त्यांचं घटलेलं आयुष्य यांचा संबंध दिसला. म्हणून हत्तीला एकदाच हलवावं, आणि जिथे तो आयुष्यभर गटात राहील तिथेच.

इस्लामाबादचा कावन हे तयारीचं चांगलं उदाहरण. त्याची सोबतीण सहेली २०१२ साली मेल्यावर तो एकटा होता. २०२० साली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर, नोव्हेंबरअखेर तो विमानाने कंबोडियातल्या अभयारण्यात गेला. त्याआधी त्याचं वजन उतरवलं गेलं, नखांवर उपचार झाले आणि क्रेटची सवय लावली गेली.

क्रेट आठवडेच्या आठवडे आधी आणून आवारातल्या वाटेवरच उभा करा, दोन्ही दारं उघडी. चारा आत. आधी आरपार जाणं, मग आत थांबून खाणं, मग मागचं दार काही सेकंद बंद, मग मिनिटं, मग तासभर. शेवटी क्रेट थोडा हलवणं, इंजिनाचा आवाज. ही पायरी गाळली की आयत्या वेळी हत्तीला गुंगी देऊन ओढावं लागतं, आणि बहुतेक दुर्घटना तिथे होतात. पूर्ण बेशुद्धीत हत्ती छातीवर बसला तर त्याला श्वास घेता येत नाही. उभ्याने राहील इतकं सौम्य औषध पशुवैद्याच्या हाती असावं, शक्यतो लागूच नये. थंड वेळ निवडा, दर काही तासांनी थांबून पाणी द्या, ओळखीचा कीपर सोबत जावा आणि नव्या ठिकाणी दोन-तीन आठवडे राहावा. सीमा ओलांडायची असेल तर आशियाई हत्ती साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. परवानग्यांना महिने लागतात, म्हणून अर्ज क्रेट बनवण्याआधी.

बरा न झालेला क्षयरोग, प्रवासभर उभं राहू न शकणारे सांधे किंवा श्वसनाचा गंभीर त्रास असेल तर हलवू नये. मात्र हा निर्णय एका पशुवैद्याचा किंवा फक्त त्याच संस्थेचा नसावा. बाहेरच्या, हत्तींवर काम केलेल्या निदान दोघांनी प्रत्यक्ष तपासून लेखी कारणं द्यावीत, आणि दर वर्षी ती पुन्हा तपासावीत. "म्हातारा झालाय, आता काय हलवायचं" हे वैद्यकीय कारण नाही. हलवता येत नाही असं ठरलं, तर प्रश्न उलटा विचारा: एखादी शांत हत्तीण इथे येऊ शकेल का, आणि त्यासाठी आवार किती वाढवावं लागेल?

जोडीदार मेला त्या दिवसापासून

उरलेल्या हत्तीला मृतदेहाजवळ जाऊ द्या, काही तास, त्याला हवं तेवढं. सोंडेने चाचपून तो निघून जातो. तोवर शवविच्छेदनाची घाई करू नका. अपवाद संसर्गजन्य रोगाच्या संशयाचा. पुढचे काही आठवडे चारा आणि पाणी मोजून द्या, लेंड्या मोजा, रात्रीची झोप बघा. कीपर बदलू नका, जागा बदलू नका.

आणि त्याच आठवड्यात सोबतीच्या शोधाचं पहिलं पत्र जाऊ द्या. त्यात हत्तीचं वय, लिंग, जात, वजन, आजारांचा इतिहास, प्रशिक्षणात येणारी कामं, क्रेटची सवय आहे की नाही आणि पंधरवड्याच्या नोंदींचा तक्ता जोडा. पत्राला शेवटची तारीख घाला: अमुक महिन्यापर्यंत सोबती न मिळाल्यास हत्ती दुसऱ्या गटात पाठवण्याची प्रक्रिया सुरू होईल, आणि ती तारीख पाळण्याची जबाबदारी कोणत्या पदाची आहे तेही त्यातच लिहा.